एरी, गांडूळ आणि गळ

चेन्नईच्या नैऋत्येला, वंडलूर–वालाजाबाद आणि सिंगपेरुमाळकोइल–श्रीपेरुंबुदूर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे ओरगडम आहे. रेनॉ-निस्सानचा मोटारींचा कारखाना इथे २०१० मध्ये सुरू झाला. त्यामागोमाग डाइमलरचे ट्रक आले, रॉयल एनफिल्डच्या मोटरसायकली आल्या, टायर आणि सुटे भाग बनवणारे आले. चाकण पाहिलेल्या मराठी माणसाला हा परिसर ओळखीचाच वाटेल: कंटेनरच्या रांगा, कामगारांच्या बस, चहाच्या टपऱ्या आणि कालपरवापर्यंत शेत असलेल्या जागी उभी राहिलेली लांबलचक पत्र्याची छपरं. पण कारखान्यांच्या कुंपणापलीकडे इथे आणखी एक दुनिया आहे. ती पाण्याची आहे. पावसाचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या तलावाला तमिळमध्ये ‘एरी’ म्हणतात आणि कांचीपुरम–चेंगलपट्टूचा हा मुलूख एरींचा मुलूख म्हणूनच ओळखला जातो.

एरी भरली की संध्याकाळच्या वेळी तिच्या बांधावर बांबूची काठी घेतलेली माणसं बसतात. काठीला दोरी, दोरीला तरंगा, खाली शिशाचा तुकडा आणि गळ. शेजारी एखादा जुना डबा, डब्यात ओलसर माती आणि मातीत वळवळणारी गांडुळं. तमिळमध्ये गळाला ‘तूंडिल’ आणि गांडुळाला ‘मण्पुळु’ म्हणतात. ही सगळी सामग्री कृष्णेच्या किंवा वैनगंगेच्या काठी बसलेल्या माणसाकडे असते तशीच. कणकेची गोळी, कोळंबी, बेडूक अशी आमिषं अनेक आहेत. पण गोड्या पाण्यातल्या जितक्या जातींचे मासे गांडुळाला तोंड लावतात, तितक्या क्वचितच दुसऱ्या कशाला लावत असतील.

यात एक कोडं आहे. मासा पाण्यात राहतो आणि गांडूळ जमिनीखाली. एरवी दोघांची गाठ पडायचं कारण नाही. मग मातीतला हा जीव पाण्यात सोडल्याबरोबर माशाला तो खाण्याजोगा आहे हे कसं कळतं? या कोड्याचं उत्तर गळात नाही, काठीत नाही. ते एरीच्या काठच्या मातीत आहे.

पाणी चालून येतं तेव्हा

एरी म्हणजे खोल खणलेलं तळं नव्हे. उताराच्या जमिनीवर खालच्या अंगाला कमानीसारखा मातीचा लांब बांध घालतात आणि वरची बाजू मोकळी सोडतात. पावसाचं पाणी वरून वाहत येतं आणि बांधाशी साठतं. शेताला पाणी सोडायला बांधात मोऱ्या असतात, त्यांना मदगु म्हणतात. जास्तीचं पाणी जाण्यासाठी दगडी सांडवा असतो, तो कलिंगु. एका एरीच्या सांडव्यावरून निघालेलं पाणी खालच्या दुसऱ्या एरीत जातं, तिथून तिसरीत. साखळीच असते ती. यातली अनेक तळी पल्लव आणि चोळ राजांच्या काळातल्या परंपरेची आहेत. ओरगडमहून जवळच असलेल्या मणिमंगलमचं नाव पल्लवांच्या कूरम ताम्रपटात येतं. सातव्या शतकात पल्लव नरसिंहवर्मनाने चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याला ज्या लढायांत हरवलं, त्यांतली एक इथली. हा पुलकेशी म्हणजे ज्याच्या राज्याचं ‘महाराष्ट्र’ म्हणून वर्णन चिनी प्रवासी ह्युएन त्संगने लिहून ठेवलं आहे, तोच. आज त्याच मणिमंगलमच्या परिसरातल्या तलावांचं पाणी अड्यार नदीला मिळतं आणि चेन्नई शहर ओलांडून समुद्राला जातं.

एरी उथळ असते आणि तिची वरची बाजू उघडी असते, म्हणून तिचा काठ वर्षभर एका जागी राहत नाही. चेन्नईला वर्षाकाठी साधारण १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. आपल्याकडे दिवाळीचे आकाशकंदील लागतात तेव्हा इथे पाऊसकाळ ऐन भरात असतो. डिसेंबरला तुडुंब असलेली एरी उन्हाळ्यात मागे मागे सरकते. जी जमीन उघडी पडते तिच्यावर गवत उगवतं, गाईम्हशी आणि शेळ्या चरायला येतात, शेण पडतं, पाला कुजतो. ओल असेपर्यंत गांडुळांसाठी ही मेजवानीच असते. ओल खाली गेली की काही जाती तिच्यामागोमाग खोल उतरतात आणि चिकट द्रवाने लिंपलेल्या छोट्याशा पोकळीत अंगाचं वेटोळं करून पाऊस येईपर्यंत निपचित पडून राहतात.

ऑक्टोबरमध्ये पाणी परत येतं. ते गवतावरून, शेणावरून, बिळांवरून पसरतं. जमिनीतली पोकळी पाण्याने भरते आणि गांडुळं वर येतात. काही वाहून पाण्यात जातात. पाण्याच्या पुढे सरकणाऱ्या कडेबरोबर मासेही उथळ पाण्यात येतात, कारण वर्षातलं सगळ्यात सोपं आणि सकस खाणं त्या वेळी तिथे असतं. आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यांतून वर चढणारे वलगणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही घाई समजेल. तिथे मासा वर चढतो तो मुख्यतः अंडी घालायला. पण दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. नवं पाणी जमिनीवर चढलं की जमिनीचं पाण्यात मिसळतं आणि मासा ते ओळखतो.

गांडूळ आमिष म्हणून चालतं ते यामुळे. एरी दरवर्षी स्वतःच माशांना जे वाढते, त्यातलाच एक घास माणूस गळाला लावतो.

तीन मजल्यांचे रहिवासी

‘गांडूळ’ हे एका प्राण्याचं नाव नाही. भारतात गांडुळांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. दक्षिण भारतात विपुल आढळणाऱ्या एका गटाचं शास्त्रीय नावच ‘द्रविडा’ आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सेल बुशे यांनी १९७० च्या दशकात राहण्याच्या जागेवरून गांडुळांची तीन गटांत विभागणी केली आणि आमिष शोधणाऱ्यालाही तीच फार उपयोगी पडते.

पहिला गट पृष्ठभागावरचा. ही गांडुळं पालापाचोळ्यात आणि शेणाच्या ढिगात राहतात, अंगाने बारीक, रंगाने गडद आणि हालचालीला चपळ असतात. दुसरा गट मातीच्या आत आडवी बिळं करणाऱ्यांचा. ही फिकट, मातकट आणि मंद असतात. माती खातात आणि वर क्वचितच येतात. तिसरा गट खोल उभी बिळं करणाऱ्यांचा. ही खाली राहतात, पण रात्री वर येऊन पाला खाली ओढून नेतात.

चेन्नईच्या आसपास पहिल्या गटातलं पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस आणि माती-पाला दोन्ही खाणारं लॅम्पिटो मॉरिटी ही दोन अगदी घरची गांडुळं. पेरिओनिक्स शेणाच्या उकिरड्यात सापडतं. उन्हात धरलं तर त्याच्या तांबूस-जांभळ्या पाठीवर निळसर झाक चमकते आणि बोटाचा स्पर्श झाल्याबरोबर ते उसळी मारतं. लॅम्पिटो बागेत, शेताच्या बांधाला, झाडाखालच्या ओलीत मिळतं. त्याचा रंग फिकट, पुढच्या टोकाला जरा जांभळट. याच दोन जातींचा उपयोग करून चेन्नईच्या न्यू कॉलेजमधले मृदाजीवशास्त्रज्ञ डॉ. सुलतान अहमद इस्माइल यांनी गांडूळखताचं काम उभं केलं. परदेशी गांडुळं आणण्याची गरज नाही, आपल्या मातीतली आपल्या मातीला पुरेशी आहेत, हा त्यांचा आग्रह राहिला आहे. महाराष्ट्रातही पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी गांडुळांवर संस्था उभारून काम केलं आणि गांडूळखत हा शब्द मराठी शेतकऱ्यांच्या घरोघरी पोचला.

गांडूळखताच्या वाफ्यांत हल्ली बहुतेक ठिकाणी दोन परदेशी जाती असतात. आफ्रिकेतून आलेलं युड्रिलस युजेनी लांब, जाड आणि मांसल. गळाला ते झकास बसतं. आयसेनिया फेटिडा पट्टेदार असतं आणि दुखावलं की उग्र वासाचा पिवळा द्रव सोडतं. ट्राउट माशांना ते खायला घालून पाहिलेल्या प्रयोगांत माशांनी त्याच्यापेक्षा दुसऱ्या जातींना पसंती दिल्याचं दिसलं आहे. म्हणजे सगळी गांडुळं माशाला सारखीच रुचतात असं नाही.

एक समजूत इथे दूर करायला हवी. गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात, असं शाळेच्या वयात आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बहुतेक जातींत तोंडाकडचा भाग पुरेसा लांब राहिला तर त्याला नवी शेपटी फुटू शकते, पण शेपटीकडचा भाग मरतो. पेरिओनिक्समध्ये गमावलेला भाग पुन्हा घडवण्याची शक्ती पुष्कळ जास्त आहे, पण तीही अमर्याद नाही. तेव्हा तोडलेलं गांडूळ मातीत टाकून त्याची संख्या वाढवतो आहोत, असं कुणी मानू नये.

गढूळ पाण्यातली ओळख

पावसाळ्यात एरीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. हातभर खाली काही दिसत नाही. तरीही गळाला लावलेलं गांडूळ माशाला सापडतं. कारण मासा केवळ डोळ्यांनी शोधत नाही.

गांडुळाच्या कातडीखाली एक द्रवाने भरलेली पोकळी असते. पाठीवर, वळ्यांच्या मधल्या खाचांत, बारीक छिद्रं असतात आणि अंगाला इजा झाली की तिथून हा द्रव पाझरतो. त्यात अमिनो आम्लं असतात, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक. माशांचं नाक आणि जीभ या घटकांना विलक्षण संवेदनशील असतात. पाण्यात ते अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी त्यांना कळतं. मिशाळ माशांची गोष्ट तर आणखी पुढची. शिंगटीच्या कुळातल्या माशांच्या मिशांवरच नव्हे तर अंगभर चव ओळखणारी केंद्रं असतात. चव कुठल्या बाजूने दाट येते आहे याचा अंदाज घेत तो मासा अंधारातही थेट आमिषापर्यंत पोचतो.

दुसरी खूण हालचालीची. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ दिसते. तिच्यात पाण्यातली बारीकशी थरथर टिपणाऱ्या पेशी असतात. गांडुळाच्या अंगात दोन प्रकारचे स्नायू आहेत, गोल आणि उभे. गोल आवळले की अंग लांब-बारीक होतं, उभे आवळले की आखूड-जाड होतं. गळाला अडकलेलं गांडूळ हे आळीपाळीने करत राहतं आणि प्रत्येक वळवळीचा धक्का पाण्यातून पुढे जातो. गांडुळाला फुप्फुसं नसतात. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. त्यामुळे पाण्यात प्राणवायू पुरेसा असेल तर ते लगेच मरत नाही आणि बराच वेळ हलत राहतं. कणकेची गोळी विरघळून जाते, मेलेला किडा निपचित पडतो. जिवंत गांडूळ मात्र वास आणि हालचाल ही दोन्ही कामं एकाच वेळी करतं.

तिसरी गोष्ट खाण्याच्या मोलाची. गांडुळाच्या अंगात सुमारे चार-पंचमांश पाणी असतं. पण ते वाळवलं तर उरलेल्यात निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात. त्याला हाडं नाहीत, काटे नाहीत, कवच नाही. कमी श्रमात इतका सकस घास माशाला फार ठिकाणी मिळत नाही.

एरीतली मंडळी

ओरगडमच्या परिसरातल्या एरीत गांडुळाला सगळ्यात आधी तोंड लावतो तो बहुधा टिलापिया. तमिळमध्ये त्याला ‘जिलेबी’ म्हणतात. उजनीच्या काठी आपण ‘चिलापी’ म्हणतो. हा मूळचा आफ्रिकेचा मासा १९५२ मध्ये श्रीलंकेमार्गे तमिळनाडूच्या मंडपमला आणला गेला आणि पुढे दक्षिणेतल्या तळ्यातळ्यांत पसरला. तो काठाजवळ असतो, दिवसा खातो. तरंग्याला बारीक टिचक्या बसत राहतात. घाईने काठी ओढली तर गांडुळाचा अर्धा तुकडा गेलेला आणि गळ रिकामा. त्याचं तोंड लहान, म्हणून गळ लहान हवा आणि गांडूळही लहानच. या जातीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते आणि त्या काळात सहसा खात नाही.

सूर्य मावळला की ‘केळुत्ति’ची वेळ होते. ही आपली शिंगटी. ती तळाशी फिरते, म्हणून गांडूळ तळाला टेकलेलं हवं. तिचं घेणं वेगळं: तरंगा टिचक्या न खाता तिरका होत सरळ पाण्याखाली जातो. ती गळावरून काढताना मात्र जपावं लागतं. तिच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे ताठ काटे असतात आणि घाबरली की ती ते रोखून धरते. तिचीच चुलत जात ‘तेळि’. तिच्या काट्यात विष असतं आणि दंश झाला तर हात तासन्‌तास ठणकतो. अशा माशाला ओल्या फडक्याने धरावं आणि गळ चिमट्याने काढावा.

‘विराल’ म्हणजे आपली मरळ. तिच्यासाठी जाणते लोक बेडूक किंवा छोटा मासा लावतात, पण जाडजूड गांडुळालाही ती नाही म्हणत नाही. मरळीच्या लाल-नारिंगी पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात एकत्र फिरतो आणि आईबाप त्याच्या खालून पहारा देतात. त्या वेळी काही जवळ आलं तर ती भुकेने नव्हे, पिल्लांच्या राखणीसाठी झडप घालते. अशी मरळ धरणं म्हणजे सगळा थवा उघड्यावर टाकणं. जुने मासेमार ते करत नाहीत आणि नव्यांनीही करू नये.

गवताळ काठाला ‘पनैयेरि केंडै’ मिळतो. हा मासा हवेतून श्वास घेऊ शकतो आणि कल्ल्यांच्या झाकणावरच्या काट्यांनी टेकत जमिनीवरून सरपटतही जातो. डॅनिश वखारीतल्या डाल्डॉर्फ नावाच्या अधिकाऱ्याने १७९१ मध्ये तरंगंबाडीला हा मासा ताडाच्या बुंध्यावर चढताना पाहिल्याचं लिहिलं. तरंगंबाडी तंजावरला लागून आणि तंजावरला तेव्हा मराठ्यांचं राज्य होतं. डाल्डॉर्फने केलेली नोंद लंडनच्या लिनीयन सोसायटीपर्यंत पोचली आणि तिच्यावर पुढे खूप वाद झाला. ओल्या जमिनीवरून चालणाऱ्या या माशाची आणि पावसात वर येणाऱ्या गांडुळाची भेट तर पाण्याबाहेरही होऊ शकते.

तळाच्या चिखलात ‘आरल’ असतो, म्हणजे वाम. कृष्णा-भीमेकाठी वामेसाठी गांडूळ हेच पक्कं आमिष मानतात आणि त्याचं कारण उघड आहे: चिखलात तोंड खुपसून किडे-अळ्या शोधणं हाच तिचा धंदा.

जमिनीतून डब्यात, डब्यातून गळावर

गांडूळ शोधायला कुदळ घेऊन कुठेही खणत सुटायची गरज नसते. ओल, सावली आणि कुजणारं काहीतरी या तीन गोष्टी एकत्र जिथे असतील तिथे ते असतं: नळाखालची जमीन, केळीचा बुंधा, उकिरड्याची कड. जमिनीवर मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसले की खाली वस्ती आहे असं समजावं. रात्री, पाऊस पडून गेल्यावर, मंद उजेडात ती वर आलेली दिसतात. पाय जपून टाकावा लागतो, कारण जमिनीची थरथर त्यांना लगेच कळते.

ही थरथरच अमेरिकेत फ्लोरिडातल्या लोकांनी कामाला लावली आहे. ते जमिनीत लाकडी खुंटा ठोकतात आणि त्याच्यावर लोखंडी पट्टी घासतात. जमीन घुमू लागते आणि शेकडो गांडुळं वर येतात. असं का होतं, याचं उत्तर केनेथ कटानिया या शास्त्रज्ञाने २००८ मध्ये दिलं. जमिनीखाली बोगदे करून गांडुळं खाणारा मोल नावाचा प्राणी माती खणताना तशीच थरथर निर्माण करतो आणि गांडुळं त्याच्यापासून जीव वाचवायला वर पळतात. पिढ्यान्‌पिढ्या आमिष गोळा करणारी माणसं, स्वतःला न कळत, गांडुळाच्या शत्रूची नक्कल करत होती.

डब्याची बाब साधी आहे, पण बहुतेकांची गांडुळं तिथेच मरतात. झाकणाला भोकं हवीत. आत माती आणि कुजका पाला, दोन्ही ओलसर. मूठ आवळली तर थेंब गळू नये इतपतच. पाणी साचलं की प्राणवायू संपतो. डबा ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावा, कारण ऊन त्यांना फार लवकर मारतं. मीठ लागलेला हात डब्यात घालू नये. मिठाने अंगातलं पाणी ओढलं जातं. १६५३ मध्ये इंग्लंडच्या आयझॅक वॉल्टनने गळाच्या मासेमारीवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं, त्यात गांडुळं काही दिवस ओल्या शेवाळात ठेवायला सांगितलं आहे. पोटातली माती निघून जाते, कातडी चिवट होते आणि ती गळावर टिकतात. हा सल्ला आजही लागू आहे. शेवाळ नसेल तर ओलं गवत चालतं.

गळाला लावताना अख्खं गांडूळ टोचून गोळा करायचा नाही. अंगावर जो जाडसर, वेगळ्या रंगाचा पट्टा असतो त्याच्या जवळून गळ आत घालावा, गळाच्या वाकाबरोबर बोटाच्या पेराएवढा भाग ओवून घ्यावा आणि शेपटीकडचा थोडा भाग मोकळा सोडावा. तो हलत राहतो. फार लांब सोडला तर मासा तेवढाच तोडून नेतो.

गांडुळाला वेदना होते का, हा प्रश्न टाळू नये. त्याला मेंदूसारख्या गाठी आहेत, पोटाच्या बाजूने जाणारी चेतारज्जू आहे आणि इजा झाली की ते जोरात वळतं. वेदना कमी करणारी जी रसायनं आपल्या अंगात तयार होतात, त्यांच्याशी साम्य असलेली रसायनं गांडुळातही आढळली आहेत. म्हणून लागतील तेवढीच काढावीत, काम पटकन करावं आणि मासा धरल्यावर त्यालाही तडफडत ठेवू नये. खाण्यासाठी जीव घेणाऱ्या माणसाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

तळ्यातल्या गळाचा जुना अभ्यासक

मद्रास इलाख्यातल्या तळ्यांतल्या मासेमारीवर स्वतंत्र पुस्तक लिहिणारा माणूस होता हेन्री सलिव्हन थॉमस. तो मद्रास सनदी सेवेतला अधिकारी. १८७३ मध्ये त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ आलं, ते मुख्यतः नद्या आणि महसीर यांच्यावर. १८८७ मध्ये त्याने ‘टँक अँग्लिंग इन इंडिया’ लिहिलं, खास तळ्यांसाठी. त्याआधी दक्षिण कॅनरात असताना माशांच्या संवर्धनावर त्याने सरकारला अहवाल दिला होता. पाण्यात विष कालवून किंवा पिल्लं सुटणार नाहीत इतक्या बारीक जाळ्यांनी मासे मारले तर पुढे उरणार काय, ही त्याची चिंता होती. अशा चिंतेतूनच पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा झाला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरला.

त्या पार्श्वभूमीवर एक काठी, एक गळ आणि एक गांडूळ ही किती संयमी पद्धत आहे ते लक्षात येतं. एका वेळी एक मासा. लहान असेल तर पाण्यात परत सोडता येतो. गळाची उलटी नांगी पक्कडीने दाबून टाकली तर तो सुटतोही विनाइजा. मात्र अनेक एरींतल्या मासेमारीचा ठेका दिलेला असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी गावात विचारून घ्यावं.

मातीची तब्येत

चार्ल्स डार्विनचं शेवटचं पुस्तक गांडुळांवर होतं. १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, ते आलं. इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरातली दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्याने मांडला. पण हाच उपकारक प्राणी चुकीच्या जागी गेला तर नासधूस करतो. उत्तर अमेरिकेच्या हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या भागांत मूळची गांडुळं उरली नव्हती आणि तिथली जंगलं पाचोळ्याच्या जाड थरावर वाढली. युरोपातून आलेली गांडुळं तिथे पसरली. त्याला शेतीइतकीच मासेमारांनी काठावर ओतलेल्या उरलेल्या आमिषाचीही मदत झाली. गांडुळांनी तो थर खाऊन टाकला आणि त्यात उगवणारी रोपं विरळ झाली. म्हणून खताच्या वाफ्यातून विकत आणलेली परदेशी गांडुळं उरली तर एरीकाठी ओतू नयेत. परत वाफ्यात न्यावीत. जवळच्या मातीतून काढलेली असतील तर ती खुशाल तिथेच सोडावीत.

दुसरी काळजी ओरगडमसारख्या जागी विशेष घ्यायची. गांडूळ माती खातं आणि मातीतलं शिसं, कॅडमियम, जस्त यांसारखे धातू त्याच्या अंगात साठत जातात. वर्दळीच्या हमरस्त्याच्या कडेची किंवा सांडपाण्याच्या नाल्यालगतची गांडुळं आमिषाला घेऊ नयेत. तिथल्या मातीत जे आहे ते गळावरून माशात आणि माशातून ताटात यायला वेळ लागत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट काठाची. डिसेंबर २०१५ मध्ये ओरगडमच्या ईशान्येला असलेल्या चेंबरंबाक्कम जलाशयातून सोडलेलं पाणी अड्यारमधून शहरात शिरलं. २०१९ च्या उन्हाळ्यात तोच जलाशय कोरडा पडला. तेव्हापासून एरी खोल करणं, गाळ काढणं, बांध मजबूत करणं यांची निकड सगळ्यांना पटली आहे आणि ती खरीच आहे. पण बांधाबरोबर वरच्या उघड्या अंगालाही दगड-सिमेंटचं अस्तर घातलं आणि कडेने फरसबंदी फिरवली, तर पाणी चालून यायला जमीनच उरत नाही. मग गवत नाही, गुरं नाहीत, शेण नाही, गांडूळ नाही. आणि ऑक्टोबरात उथळ पाण्यात खायला धावणारा मासाही नाही. तलाव नकाशावर तेवढाच राहतो, त्याचं पोषण करणारी माती तेवढी तुटते.

म्हणून एरी असो, उजनी असो की गावचा पाझर तलाव, कामाचा आराखडा ठरत असताना गळ टाकणाऱ्या माणसाने ग्रामसभेत उठून बोललं पाहिजे: बांध पक्का करा, गाळही काढा, पण पाणी जिकडून येतं तो उतार मातीचाच ठेवा. हे सांगण्याचा अधिकार त्याला आहे, कारण तिथे गांडूळ मिळतं की नाही हे गावात सगळ्यात आधी त्यालाच कळतं.